सप बोर्डसाठी पॅडल घ्यायचंय: लांबी, पातं, दांडा कसा ठरवायचा? (भाट्ये खाडी, रत्नागिरी)

विभाग: भटकंती आणि पाण्यातले खेळ

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आमच्या घरी हवा भरायचा सप (उभं राहून वल्हवायचा) बोर्ड आला. १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. बोर्ड छान आहे, तिघांनाही झेपतो. अडचण आहे ती सोबत आलेल्या पॅडलची. तीन तुकडे जोडून होणारं ॲल्युमिनियमचं पॅडल आहे, पातं जाड प्लास्टिकचं. हातात घेतल्यावर जड वाटत नाही, पण अर्धा-पाऊण तास वल्हवलं की माझा उजवा खांदा भरून येतो. जोडावर दांडा थोडा हलतो, प्रत्येक फटक्याला टक्‌ असा आवाज येतो. म्हणून आता एक चांगलं पॅडल घ्यायचं ठरवलंय.

वापरणारे आम्ही तिघं. मी ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. नवरा ५ फूट १०, वजन ८२. मुलगा तेरा वर्षांचा, ४ फूट ११, शिडशिडीत. बहुतेक वेळा सकाळी भाट्याच्या पुलाच्या आतल्या बाजूला, काजळी नदीत. कधी साखरतरच्या खाडीत. लाटांवर जायचा सध्या विचार नाही.

लांबीबद्दल जेवढं वाचलं तेवढा गोंधळ वाढला. कुणी म्हणतं उंचीपेक्षा ६ इंच जास्त, कुणी ८, कुणी १०. कुणी म्हणतं हात वर करून मनगटापर्यंत. यातलं आपल्या खाडीत, आपल्या उंचीच्या बाईला नेमकं काय लागू पडतं? आणि कार्बन फायबरच्या पॅडलवर खर्च करावा का? एकच पॅडल तिघांत चालेल का? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दर्याकिनारी

ताई, प्रश्न चांगला मांडलात. तिघांची उंची, वजन, बोर्डाची जाडी, पाणी कुठलं, सगळं दिलंत म्हणून नेमकं सांगता येईल. मी तारकर्लीच्या बाजूला बरीच वर्षं लोकांना सपवर उभं राहायला शिकवतोय.

आधी एक गोष्ट. पॅडलची लांबी मुठीच्या वरच्या टोकापासून पात्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. काही जण पातं सोडून मोजतात आणि मग आकडे जुळत नाहीत.

तुम्ही वाचलेले तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. लाटांवर जाणारा माणूस गुडघे वाकवून खाली बसतो, त्याला आखूड पॅडल लागतं, उंचीपेक्षा ४ ते ६ इंच जास्त किंवा त्याहूनही कमी. शांत पाण्यात निवांत फिरणाऱ्याला ६ ते ८. शर्यतीवाले लांब हात टाकून पुढचं पाणी पकडतात, त्यांच्यात ८ ते १० आणि त्याहून लांबही चालतं. पूर्वी सगळ्यांनाच ८ ते १० सांगायचे. गेल्या काही वर्षांत कल आखुडाकडे आहे, आणि तो बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. लांब पॅडलमुळे वरचा हात डोक्याच्या वर जातो आणि सगळा भार खांद्यावर येतो. तुमचा खांदा त्यामुळेच भरत असण्याची शक्यता मोठी.

तुमच्यासाठी हिशेब असा. ५ फूट २ म्हणजे साधारण १५७ सेंमी. त्यात १५ ते २० सेंमी मिळवा: १७२ ते १७७. तुमचा बोर्ड ६ इंच जाडीचा आहे. कडक फायबरचे बोर्ड साधारण चार-साडेचार इंचाचे असतात, म्हणजे तुम्ही पाण्यापासून थोड्या जास्त उंचावर उभ्या राहता. त्यासाठी दोन-तीन सेंमी वाढवा. सुरुवात १७७-१७८ वर करा. यजमानांची उंची १७८, त्यांना १९८ ते २०० च्या आसपास. मुलगा १५०, त्याला १६५ ते १७०.

पण हे आकडे फक्त सुरुवातीचे. खरं माप पाण्यावरच मिळतं. बोर्डावर उभ्या राहा, नेहमीसारखं पुढे वाकून पातं बोटांच्या पुढे पाण्यात घाला, पूर्ण बुडू द्या. या क्षणी वरचा हात कुठे आहे ते बघा. खांदा आणि डोळे यांच्या मधे कुठेतरी असेल तर ठीक. कपाळाच्या वर गेला तर पॅडल लांब आहे, दोन सेंमी कमी करा. उलट पातं बुडवण्यासाठी पाठीची कमान करावी लागत असेल किंवा पातं अर्धंच बुडत असेल, तर आखूड. एका लांबीवर दहा-पंधरा मिनिटं वल्हवा, मग दोन सेंमी बदला, पुन्हा वल्हवा. शरीर स्वतःच सांगतं. जिथे बरं वाटेल तिथे दांड्यावर पक्क्या रंगाने खूण करा. घरात तिघं असाल तर तीन रंगांच्या तीन खुणा.

तुमचं आत्ताचं पॅडल कमी-जास्त होणारं आहे. नवीन घेण्याआधी त्यावरच हा प्रयोग करा. लांबी कळली की निम्मा प्रश्न सुटतो.

आगरदांडा

दर्याकिनारी यांच्याशी थोडा असहमत. मी १७२ सेंमी आणि माझं पॅडल १९७. उंची अधिक २५. मुरूडच्या बाजूला राजपुरी खाडीत लांब अंतरं मारतो, पद्मदुर्ग नजरेत ठेवून किनाऱ्याने जातो. आखूड पॅडलने मला सतत वाकून राहावं लागतं, कंबर धरते. लांब पॅडलने ताठ राहून वल्हवता येतं. सगळ्यांना आखूडच घ्या हा सल्ला सरसकट देऊ नये.

दर्याकिनारी

@आगरदांडा, तुमचा बोर्ड कुठला? १४ फुटी शर्यतीचा असेल तर तुम्ही म्हणता ते पटतं. लांब अंतर, लांब फटका, पुढचं पाणी. आणि कंबरेचा त्रास असणाऱ्याने दोन-चार सेंमी जास्त घेणं योग्यच. ताईंच्या खांद्याला त्रास होतोय म्हणून मी खालच्या बाजूने सुरुवात करायला सांगितलं. खांदा दुखतो त्याने आखुडाकडून लांबीकडे जावं, कंबर दुखते त्याने लांबीकडून आखुडाकडे यावं.

आगरदांडा

हो, १४ फुटी आहे. हे वाक्य पटलं.

हाडंस्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला. खांद्याबद्दल थोडं लिहिते.

हात डोक्याच्या वर नेऊन वारंवार ओढलं की खांद्याच्या सांध्यातले स्नायुबंध वरच्या हाडाखाली चिमटतात. आठवड्यातून एकदा, थोडा वेळ केलं तर शरीर सहन करतं. पण वल्हवण्यात पुनरावृत्ती फार. मिनिटाला ४० फटके धरले तर तासाला २४०० होतात. पॅडल ३०० ग्रॅमने जड असेल तर तासाभरात तुम्ही ७२० किलो जास्तीचं उचललंत. लोक बोर्डाचं वजन विचारतात, पॅडलचं कुणी विचारत नाही. बोर्ड तर पाण्यानेच उचललेला असतो. हातात असतं ते पॅडल!

म्हणून माझा क्रम असा: आधी लांबी, मग पात्याचा आकार, मग वजन. पात्याबद्दल वर कुणी लिहिलं नाही, पण खांद्यासाठी ते लांबीइतकंच महत्त्वाचं. मोठं पातं म्हणजे प्रत्येक फटक्याला जास्त पाणी, म्हणजे जास्त ओढ. ५४ किलोच्या बाईला मोठ्या पात्याची गरज नाही. छोट्या पात्याने फटके थोडे जास्त मारावे लागतात, पण प्रत्येक फटका हलका असतो आणि सांधे वाचतात.

दुसरं, हाताने ओढू नका. खालचा हात बराचसा सरळ ठेवा, वरच्या हाताने मूठ खाली दाबा आणि कंबरेपासून धड फिरवा. पातं पावलांशी आलं की बाहेर काढा. पावलांच्या मागे ओढत नेलं तर बोर्ड पुढे जात नाही, पातं पाणी वर उचलत बसतं आणि तेवढी ताकद फुकट जाते. आणि मूठ घट्ट आवळून धरू नका.

चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांना खांदा आखडण्याचा त्रास जास्त होतो. हात वर करताना किंवा पाठीमागे नेताना अडकत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर पॅडल बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

खाडीकाठ

@दर्याकिनारी, @हाडंस्नायू, मनापासून आभार. रात्रीचा त्रास नाही, फक्त वल्हवल्यावर भरून येतो. काल संध्याकाळी पॅडल मोजलं, १९० वर लावलेलं होतं. उद्या १७८ वर करून बघते.

पात्याचा आकार कसा ओळखायचा? कंपन्या चौरस इंचात काहीतरी आकडा देतात. आणि पातं दांड्याला थोडं कलतं जोडलेलं आहे. तो कल कुठल्या बाजूला हवा?

दर्याकिनारी

कल पुढच्या बाजूला, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे. पातं तुमच्यापासून लांब जाताना दिसलं पाहिजे. बऱ्याच पॅडलांवर कंपनीचं नाव पात्याच्या पुढच्या तोंडावर असतं, ते नाकाकडे. हा कल साधारण १० अंशांचा असतो. कारण सोपं आहे: हात पुढे टाकल्यावर दांडा तिरका असतो. पातं पुढे कललेलं असेल तर ओढताना ते पाण्यात उभं राहतं आणि पाणी सरळ मागे ढकलतं. उलटं धरलं तर पाणी वर उचललं जातं. नवशिक्यांना उलटंच नैसर्गिक वाटतं, कारण पळीने ओढल्यासारखं दिसतं. मी शिकवताना पहिल्यांदा हेच तपासतो.

पात्याचे आकडे ढोबळ असे. ८० चौरस इंच किंवा कमी म्हणजे लहान. ९० च्या आसपास मध्यम. १०० आणि वर मोठं. सेंमीत सांगायचं तर ८० म्हणजे ५१६ चौरस सेंमी, ९० म्हणजे ५८०. तुम्हाला ७५ ते ८५. यजमानांना ८५ ते ९५. दोघांत एक घ्यायचं तर ८५ च्या आसपास बघा. ८२ किलोच्या माणसाला ८५ सहज चालतं, त्याने फटके थोडे वाढवायचे. ५४ किलोच्या बाईला १०० मात्र जड जाईल. तडजोड नेहमी लहानाकडे करावी.

आपल्या खाडीत लहान पात्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वारा. समोरून वारा आला की दोन फटक्यांच्या मधे बोर्ड थांबतो, कधी मागेही जातो. तेव्हा मोठे सावकाश फटके उपयोगाचे नाहीत. लहान, भराभर फटके लागतात, आणि ते लहान पात्यानेच जमतं.

पात्याच्या आकारात थेंबासारखं खाली रुंद आणि जरा आयताकृती असे दोन प्रकार दिसतील. थेंबासारखं पातं पाणी पटकन पकडतं, आयताकृती जास्त सरळ चालतं. सुरुवातीला या फरकात पडू नका. पात्याच्या मागच्या तोंडावर मधोमध कणा आहे का एवढं बघा. कणा असेल तर पाणी दोन्ही कडांनी सारखं निसटतं आणि पातं पाण्यात फडफडत नाही.

कालवं

सामानाबद्दल माझ्याकडून. मी देवगडचा, वाघोटनच्या खाडीत विजयदुर्गच्या आतल्या बाजूला फिरतो.

कार्बन हलकं, यात वाद नाही. पूर्ण कार्बनचं चांगलं पॅडल ४५० ते ६०० ग्रॅममध्ये येतं, ॲल्युमिनियमचं किलोच्या आसपास जातं. हाडंस्नायू ताईंचा हिशेब बघितला तर कार्बन घ्यावंसं वाटणारच. पण आपल्या खाड्यांचा तळ आणि काठ विसरू नका. पुलाचे खांब, जेटीचे दगड, कातळ, सगळीकडे कालवं. त्यांच्या कडा सुरीसारख्या. कार्बनच्या पात्याची कड एकदा दगडावर आपटली की टवका उडतो, आत पाणी शिरतं आणि पातं हळूहळू खराब होतं. ओहोटीच्या वेळी, कमी पाण्यात, कांदळवनाच्या कडेने जाताना तर पातं तळाला लागतंच. तिथे पातं रोवून बोर्ड ढकलायचा मोह होतो. तेव्हा दांडा पात्याजवळ वाकतो आणि मोडायचा असेल तर तिथेच मोडतो.

म्हणून खाडीत फिरणाऱ्याने दांडा कार्बनचा किंवा फायबरग्लासचा घ्यावा आणि पातं फायबरग्लासचं किंवा चांगल्या कडक नायलॉनचं. वजन मधलं येतं, किंमतही मधली. पूर्ण कार्बन घेतलंच तर पात्याच्या कडेला संरक्षक पट्टी लावून घ्या.

ॲल्युमिनियमचा खरा शत्रू म्हणजे खारं पाणी. जोडाच्या आत स्टीलची कळ असते, बाहेर ॲल्युमिनियमची नळी. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि एक दिवस जोड असा बसतो की निघत नाही. त्यात वाळू गेली की संपलंच. प्रत्येक वेळी घरी आल्यावर सगळे तुकडे सुटे करा, आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, सुटेच वाळवा. तेल-ग्रीस लावू नका, त्याला वाळू चिकटते. कार्बनच्या पॅडललाही जिथे धातूची कळ आहे तिथे हेच.

आणि नवीन पॅडल आणल्यावर पहिलं काम: किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यात सोडून बघा, तरंगतं का. हलक्या पॅडलांच्या पात्यात फोम असतो, ती तरंगतात. ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी शिरलं तर ते तळाला जातं, आणि खाडीच्या गढूळ पाण्यात परत मिळत नाही.

खाडीकाठ

@कालवं, भाट्याला तशीच परिस्थिती आहे, पुलाच्या खांबांना कालवंच कालवं. तुमचं म्हणणं लक्षात घेतलं.

आज १७८ वर करून गेले. फरक जाणवला, पण जोडाच्या टक्‌ आवाजाने वैताग येतो. नवऱ्याने २०० वर केलं तर आवाज आणखी वाढला.

म्हणजे आता एकच पॅडल घ्यावं का दोन? तीन तुकड्यांचं की दोन? आणि मुलाचं काय?

दर्याकिनारी

तीन तुकड्यांचं पॅडल बॅगेत मावतं, म्हणून हवेच्या बोर्डाबरोबर तेच देतात. पण प्रत्येक जोड म्हणजे थोडं वजन आणि थोडी ढिलाई. तुम्ही खाडीच्या काठावर राहता, एसटीने बोर्ड न्यायचा नाही. मग दोन तुकड्यांचं, वर-खाली करता येणारं घ्या. त्यात मुठीकडचा एकच जोड असतो, तो पकडीने आवळता येतो. पात्याजवळ जोड नसल्यामुळे टक्‌ आवाज जातो.

१७० ते २१० च्या दरम्यान कमी-जास्त होणारं कुठलंही चांगलं पॅडल तुम्हा दोघांना पुरेल. मुलाला मात्र वेगळं द्या. त्याची लांबी १६५ पासून सुरू होते, तिथपर्यंत मोठ्यांची पॅडल सहसा उतरत नाहीत. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे दांड्याची जाडी. मोठ्यांचा दांडा साधारण २९ मिमी जाड असतो. लहान हाताला २६ मिमीच्या आसपासचा बारीक दांडा लागतो, नाहीतर बोटं पूर्ण वळत नाहीत आणि मनगट दुखतं. मुलांसाठी बारीक दांडा आणि लहान पात्याची पॅडल मिळतात. तेरा वर्षांचा आहे, उंची वाढणार, त्यामुळे कमी-जास्त होणारंच. तुमचा हात लहान असेल तर तुम्हीही बारीक दांडा धरून बघा.

देवबागकर

मी देवबागचो. पॅडलच्या मापाबद्दल माका फारसा ठावक नाय, पण पाण्याबद्दल सांगतंय.

दुपारी बारा वाजान गेले काय भायरचो वारो सुटता. सकाळी उलटो, जमिनीकडसून दर्याकडे. सकाळचो वारो मंद असता म्हणान लोक बिनधास्त जातत, पण तोच तुमका हळूहळू भायर नेता आणि समाजना नाय. खाडयेच्या तोंडार तर सुकतीच्या (ओहोटीच्या) टायमाक जावच नको. आमच्याकडे कर्ली नदीचा पानी संगमार असा जोरान भायर पडता, की उभ्या माणसाक आवरना नाय. भाट्याकव तसाच आसतला.

जाताना आधी पाण्याच्या उलट जावा. दमल्यार पानीच घराकडे हाडता. आणि रापण ओढतत थयसून लांब रवा, जाळ्यात पॅडल अडाकला तर त्यांचाव नुकसान आणि तुमचाव.

दर्याकिनारी

देवबागकर यांनी लिहिलेलं प्रत्येकाने दोनदा वाचावं. याचा पॅडलशीही संबंध आहे. वारा वाढला की उभं राहू नका, गुडघ्यांवर बसा. बसल्यावर तुमची उंची निम्मी होते आणि १७८ चं पॅडल फार लांब पडतं. तेव्हा वरचा हात मुठीवरून काढून दांड्यावरच खाली धरा, किंवा पॅडल सगळ्यात आखूड करा. कमी-जास्त होणारं पॅडल घ्यायचं हे एक मोठं कारण आहे, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. पकड ओल्या हाताने, बोर्डावर बसून उघडता येते का हे घेतानाच करून बघा. काही पकडी इतक्या कडक असतात की पाण्यात बोटांना जुमानत नाहीत.

भरतीच्या वेळेसाठी आपला जुना हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईला जास्त जुळतो, रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी निवांत. शिकणाऱ्यांनी अष्टमीचे दिवस निवडावेत.

लाकूडवेडा

लाकडाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी सावंतवाडीकडचा. स्वतःचं पॅडल स्वतः बनवलंय आणि तेच वापरतो.

आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा साग येतो. साग टिकतो, पण जड. मी दांड्यासाठी शिवण वापरली. सागापेक्षा हलकी, वाकत-मुरडत नाही, रंधा छान बसतो. एका सलग लाकडाचा दांडा करायचा नाही. पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या, रेषा उलटसुलट ठेवायच्या, म्हणजे दांडा पीळ खात नाही. पातं मरीन प्लायचं, मधे जाड, कडांना पातळ. त्यावर फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी, कडेला इपॉक्सीची जाड पट्टी. पात्याचा १० अंशांचा कल दांड्याला खालून तिरकी खाच देऊन मिळतो. शेवटी उन्हापासून वाचवणारं वॉर्निश, कारण उघड्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही. दांड्याची दोन्ही टोकं विशेष काळजीने बंद करायची, पाणी तिथूनच शिरतं.

वजन कार्बनइतकं कमी होत नाही, ॲल्युमिनियमपेक्षा मात्र कमी बसलं. खरी गंमत हाताला लागते. लाकूड प्रत्येक फटक्याला किंचित वाकतं आणि सरळ होतं, त्यामुळे सांध्यांना धक्का बसत नाही. एकच मर्यादा: लांबी बदलता येत नाही. म्हणून आधी कमी-जास्त होणाऱ्या पॅडलवर माप पक्कं करा, मगच लाकूड हातात घ्या.

होड्या बांधणाऱ्या सुतारांकडे हे काम करून घेता येईल. त्यांच्या हाताला पाण्याची समज असते. मापाचं चित्र आणि एक जुनं पॅडल नमुन्याला द्यावं.

हाडंस्नायू

@लाकूडवेडा, लवचिकतेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अतिशय कडक कार्बन दांडा ताकदवान, तरुण वल्हवणाऱ्याला फायद्याचा. ज्याचा खांदा किंवा कोपर कुरकुरतं त्याला थोडा लवचिक दांडा बरा. जाहिरातीत कडकपणा हाच गुण म्हणून सांगतात. सगळ्यांना तो मानवत नाही.

आगरदांडा

एकाच लांबीचं, न बदलणारं पॅडल घेणाऱ्यांसाठी: बरीचशी अशी पॅडल लांब येतात आणि मूठ वेगळी. दांडा कापून मूठ गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने बसवायची. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे कार्बनचे धागे फाटत नाहीत, बारीक दातांची करवत वापरा, आणि भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. मूठ दांड्याच्या वर किती उंच बसते ते मापातून वजा करायला विसरू नका. आधी दोन-तीन सेंमी जास्तच ठेवा, मूठ नुसती चिकटपट्टीने धरून पाण्यावर जा. कमी केव्हाही करता येतं, वाढवता येत नाही. मूठ पक्की करताना ती पात्याच्या रेषेत आहे ना, हे डोळा लावून बघा. किंचित फिरली तरी बोर्ड एका बाजूला जातो.

खाडीकाठ

इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचं आता असं ठरतंय: दोघांसाठी दोन तुकड्यांचं, फायबरग्लासचा दांडा, नायलॉनचं पातं, ८५ चौरस इंचांच्या आसपास. मुलासाठी बारीक दांड्याचं वेगळं. जुनं ॲल्युमिनियमचं कुणी पाहुणा आला तर.

शेवटचा प्रश्न. पायाला बांधायची दोरी बोर्डाबरोबर आली आहे. तीच पुरेल का? पॅडललाही दोरी बांधावी का?

कालवं

पॅडलला दोरी नको. पडल्यावर ती मानेभोवती, हाताभोवती गुंतते. पॅडल तरंगणारं घ्या, हातातून सुटलं तर आधी बोर्ड धरा, मग बोर्डावर पोटावर झोपून हातांनी पाणी मारत पॅडलपर्यंत जा.

तुमची दोरी मात्र हवीच, पण वाहत्या खाडीत घोट्याला नको. खुंट, जाळ्यांच्या दोऱ्या, नांगरलेल्या होड्या यांत घोट्याची दोरी अडकली आणि पाणी ओढत असेल तर वाकून सोडवता येत नाही. कंबरेला पट्टा आणि त्याला ओढल्याबरोबर सुटणारी कळ मिळते, ती घ्या. कळ पोटाकडे, दोन्ही हातांना लागेल अशी. ती सोडायचा सराव किनाऱ्यावर तिघांनीही करा, मुलाने सगळ्यात जास्त. लाइफ जॅकेट मापाचं, पट्टे आवळलेलं. फोन पाण्यापासून बंद पिशवीत, गळ्यात. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिघांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

देवबागकर

पट्ट्याची कळ दर फावटी गोड्या पाण्यान धुवा. खारान ती पण धरता.